इंदूरच्या कॉलेजात आदिवासी समाजांविषयी कर्मचारी-विद्यार्थी प्रशिक्षण : आराखडा कसा असावा?

रामबागकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. इंदूरच्या एका कॉलेजात आदिवासी समाजांविषयी जाणीव-प्रशिक्षण घ्यायचं ठरलं आहे. प्राध्यापक चाळीसेक, कार्यालय, ग्रंथालय आणि वसतिगृह मिळून पंचवीसेक जण, शिवाय पहिल्या वर्षाचे विद्यार्थी. झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानीहून येणारी मुलं-मुली बरीच आहेत.

सध्या कागदावर असलेला आराखडा असा : एकच दिवस. सकाळी दीपप्रज्वलन, मग एका तज्ज्ञाचं 'आदिवासी संस्कृती' या विषयावर दीड तास भाषण, दुपारी भगोरिया या होळीच्या हाटाचं नृत्य आणि पिठोरा या भिंतीवरच्या विधीचित्रांचं प्रदर्शन, शेवटी प्रमाणपत्रं. कॅनडा-ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठांचे असे कोर्स तयार आहेत, त्यांचंच भाषांतर करून घ्यावं, अशीही एक सूचना आली आहे.

माझे प्रश्न : एक दिवस पुरेल का? परदेशी कोर्सांतलं काय घ्यावं? आपल्याच आदिवासी विद्यार्थ्यांना बोलायला उभं करावं का? आणि हे सक्तीचं असावं की ज्याला हवं त्याने यावं?

निमाडकर

आराखडा बाजूला ठेवा आणि आधी कॉलेजातल्या खिडक्या मोजा. आदिवासी विद्यार्थ्याला संस्था भेटते ती खिडकीवर : प्रवेश, शिष्यवृत्ती, वसतिगृह, परीक्षा विभाग, ग्रंथालय. अपमान झाला तर बहुतेक वेळा तिथेच होतो, तोही दहा-पंधरा जणांच्या रांगेसमोर. म्हणून पहिली तुकडी कार्यालयातल्या लोकांची घ्या, प्राध्यापकांची नंतर. सगळीकडे नेमकं उलटं होतं. शिपाई, बाबू आणि वॉर्डन 'खिडकी सोडून कसे येणार' म्हणून सुटतात.

एका तुकडीत पंचवीसच्या वर माणसं नकोत. दिवसभराच्या एका कार्यक्रमापेक्षा दीड-दीड तासाची चार सत्रं घ्या, आठवड्याला एक. दोन सत्रांच्या मधल्या आठवड्यात माणूस परत खिडकीवर बसतो आणि जे ऐकलं ते तिथे करून बघतो. एका दिवसात उरकलेलं शिक्षण त्या दिवसाच्या जेवणाबरोबर संपतं.

पहिलं सत्र फक्त शिष्यवृत्तीच्या फायलीवर घ्या. विषय रुक्ष वाटेल, पण आदर किंवा अनादर सगळ्यात स्पष्ट दिसतो तो इथे. एमपीटास या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर प्रोफाइल करताना आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेशातल्या रहिवाशाचा ओळख क्रमांक), डिजिटल जाती प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका, चारही ठिकाणचं नाव जुळावं लागतं. एकावर भाभोर आणि दुसऱ्यावर भाबर, किंवा एकावर डामोर आणि दुसऱ्यावर डामर असलं की अर्ज अडकतो. हे स्पेलिंग मुलाने केलेलं नसतं. गावच्या शाळेत ज्या गुरुजींनी पहिलीत नाव घातलं, त्यांना भिली उच्चार जसा ऐकू आला तसा त्यांनी हिंदीत लिहिला. आणि खिडकीवरून ऐकू येतं, "तुम लोगों को अपना नाम भी लिखना नहीं आता." प्रशिक्षणात हेच वाक्य फळ्यावर लिहायचं आणि चूक नेमकी कुठे झाली याचा माग सगळ्यांनी मिळून काढायचा. मग सुधारणा कुठे करायची ते ठरवायचं. गुणपत्रिकेतली दुरुस्ती बोर्डाकडून होते आणि तिला वेळ लागतो, म्हणून कुठलं कागदपत्र प्रमाण धरायचं आणि बाकीचे त्याच्याशी कसे जुळवायचे, हे खिडकीवरच्या माणसाला तोंडपाठ हवं. आणि ते विद्यार्थ्याला प्रवेशाच्या दिवशीच सांगायचं, मार्चमध्ये नाही.

याच सत्रात आवास सहायता योजना घ्या. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या आणि भाड्याने राहणाऱ्या अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला इंदूरसारख्या संभागाच्या (महसूल विभागाच्या) मुख्य ठिकाणी महिना २,००० रुपये मिळतात. एका खोलीत तिघे-चौघे राहत असतील तर प्रत्येकाचा अर्ज वेगळा. भंवरकुआँच्या आसपास खोली घेऊन राहणाऱ्या मुलांना हे कळतं ते कुणा सिनियरकडून, कॉलेजकडून नाही.

आणखी तीन गोष्टी त्याच आठवड्यापासून बंद करा. हजेरी घेताना किंवा वर्गात याद्या वाचताना प्रवर्ग मोठ्याने वाचणं. नोटीस बोर्डावर प्रवर्गवार नावं लावणं (अर्ज क्रमांक लावले तरी काम भागतं). आणि 'एसटीवाले इकडे उभे राहा' असं ओरडणं. याला ना पैसा लागतो, ना कुणाची मंजुरी.

कायद्याचं सत्र शेवटी, अर्ध्या तासाचं. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात चारचौघांना दिसेल-ऐकू येईल अशा ठिकाणी जातीच्या नावाने शिवी देणं हा गुन्हा आहे, आणि यूजीसीच्या २०१२ च्या नियमांत समान संधी कक्ष आणि भेदभाव-विरोधी अधिकारी नेमायला सांगितलं आहे. विद्यापीठात हा अधिकारी प्राध्यापकाच्या खालच्या दर्जाचा चालत नाही. कायदा सुरुवातीलाच काढलात तर लोक हाताची घडी घालून बसतात आणि पुढचं काही आत जात नाही.

सातपुड्यापलीकडे

निमाडकरांशी सहमत. पण खिडकी सुधारली तरी वर्गातला समज तसाच राहतो, तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या सत्रात काय असावं ते लिहितो.

आधी शब्द. सरकारी कागदावर 'अनुसूचित जमाती', बोलताना 'आदिवासी', आणि माणूस समोर असेल तर त्याच्या समाजाचं नाव. 'वनवासी' टाळा. संविधान सभेत आदिवासी नेते जयपाल सिंह मुंडा यांनी 'आदिवासी' हाच शब्द आग्रहाने धरला होता, आणि जंगलात राहतो तो वनवासी ही ओळख आयटी पार्कात काम करणाऱ्या भिलाला मुलीला लागू कशी होणार? मध्य प्रदेशच्या अनुसूचीत भील, भिलाला, बारेला आणि पटेलिया एकाच नोंदीखाली येतात. त्यामुळे बाबूंना ते सगळे एकच वाटतात. पण अलीराजपूरच्या भिलाला घरातली बोली, झाबुआच्या भील घरातली भिली आणि बडवानीची बारेली यांच्यात फरक आहे, आणि आपापसांतल्या सोयरिकीचे नियमही वेगळे आहेत.

मग आडनावं. सोलंकी, चौहान, रावत, तोमर, बघेल ही आडनावं भिलाला समाजात सर्रास आहेत. 'चौहान म्हणजे ठाकूर, मग हे प्रमाणपत्र कसलं?' हा प्रश्न तोंडी परीक्षेत आणि प्रवेशाच्या टेबलावर हमखास विचारला जातो. आडनावावरून जात ओळखायची आपली सवय इथे साफ चुकते. प्रमाणपत्र तपासायची पद्धत ठरलेली आहे. त्या पद्धतीने ते तपासा आणि तोंड बंद ठेवा.

हाक हा याच्याहून नाजूक विषय. इंदुरात बांधकामावर आलेल्या भील माणसाला 'ए मामा' म्हणायची पद्धत आहे. हाच शब्द इंग्रजांविरुद्ध लढलेल्या टंट्या भिलांच्या नावापुढे लागतो तेव्हा तो प्रेमाचा आणि मानाचा असतो. ४ डिसेंबर १८८९ ला जबलपूरला फाशी गेलेल्या टंट्या मामांपुढे पातालपाणीला आजही लोक डोकं टेकतात. पण दुकानदाराच्या तोंडून तोच शब्द 'अडाणी' अशा अर्थाने येतो, आणि वर्गमित्राच्या तोंडून तर सरळ चिडवणं म्हणून. लोकांना शब्दांची यादी देऊन 'हे म्हणू नका' सांगितलं तर ते उद्या नवीन शब्द शोधतील. कोण, कुणाला, कुठल्या सुरात म्हणतो हे उलगडून दाखवा, त्यावर पाऊण तास गेला तरी चालेल.

आता भगोरिया. दुपारचं ते नृत्य कार्यक्रमातून काढा. होळीच्या आधीच्या आठवड्यात ज्या गावचा ज्या वारी हाट असतो, त्या वारी तिथे भगोरिया भरतो. वालपूर, बखतगढ, छकतला अशी ठिकाणं त्यासाठी प्रसिद्ध आहेत. लोक होळीची खरेदी करतात, मजुरीला गुजरातेत गेलेले नातेवाईक परत आलेले असतात, ढोल-मांदळ घेऊन गावंच्या गावं हाटात उतरतात. वर्तमानपत्रांनी मात्र वर्षानुवर्षं 'मुलगी पसंत पडली की पान खिलवून पळवून न्यायचा सण' असंच छापलं. त्यामुळे शहरातून पोरं कॅमेरे घेऊन मुलींचे फोटो काढायला जातात, आणि कॉलेजात अलीराजपूरच्या मुलीला विचारलं जातं, 'इस बार भागोगी क्या?' आदिवासी संघटना याबद्दल सातत्याने तक्रार करत आल्या आहेत. तुमच्या मंचावर निळे-लाल फेटे बांधून नाच झाला की हाच समज पक्का होतो. त्यापेक्षा परीक्षा विभागाला एवढंच शिकवा : दर वर्षी भगोरियाचं वेळापत्रक घ्या आणि त्या आठवड्यात अंतर्गत परीक्षा किंवा प्रॅक्टिकल लावू नका. गैरहजेरीचा दंडही नको. आपण दिवाळीत पेपर लावत नाही, तसंच हे.

पिठोराबद्दलही नीट समजून घ्यावं. ते शोभेचं चित्र नाही, नवस फेडण्याचा विधी आहे. भिंत शेणामातीने सारवायची, वर पांढऱ्या मातीचा हात द्यायचा, मग लिखंदरा (हे चित्र काढणारा) घोडे काढतो. सभोवार चौकट असते आणि तिला खाली वाट ठेवलेली असते. काढून झालं की बडवा (विधी करणारा पुजारी) एकेका आकृतीपुढे उभा राहून ती कुणाची ते सांगतो. तो सांगेपर्यंत चित्र पुरं झालं असं धरत नाहीत. पिठोराचे घोडे काढण्याचा मान परंपरेने पुरुषांचा. झाबुआजवळच्या पिटोलच्या भूरीबाई, ज्यांना २०२१ ला पद्मश्री मिळाली, त्यांची ठिपक्यांची चित्रं ही भील चित्रशैली आहे, पिठोरा विधी नव्हे. पोस्टरवर दोन्ही एकच समजून छापली जातात आणि जाणकार विद्यार्थी ते बघून गप्प बसतात. कॉलेजच्या भिंतीवर चित्र हवंच असेल तर भील शैलीतलं, चित्रकाराला पूर्ण मानधन देऊन आणि खाली त्याचं नाव लिहून करा. पिठोरा भिंतीवर ओढू नका.

मराठी प्राध्यापकांसाठी एक वेगळी गोष्ट सांगतो, राग मानू नका. इतिहासाच्या सत्रात होळकरांचा अभिमान जरूर असू द्या, पण पेशवाईच्या अखेरच्या वर्षांत खानदेशात भिलांवर जी दडपशाही झाली तीही सांगा. बडवानीकडचे भीमा नायक आणि खाज्या नायक १८५७ च्या उठावात इंग्रजांशी लढले. ही नावं इंदूरच्या मराठी घरांत पोरांना माहीत नसतात, आणि त्यांच्या शेजारच्या बाकावर बसलेल्या मुलाला ती लहानपणापासून पाठ असतात.

पागनीसपागा

परदेशी कोर्सांविषयी लिहितो. भाषांतर करू नका, पण त्यांतल्या दोन-तीन कल्पना नक्की घ्या.

कॅनडात सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ ला ९४ शिफारशी केल्या. त्यांत सरकारी नोकरांना मूळनिवासींचा इतिहास शिकवावा, निवासी शाळांचा (मूळनिवासी मुलांना घरापासून तोडून जिथे ठेवलं त्यांचा) वारसा आणि त्यांच्याशी झालेले करारही शिकवावेत, अशी शिफारस आहे. पाठोपाठ २०१६ मध्ये विनिपेग आणि लेकहेड या विद्यापीठांनी सगळ्या विद्यार्थ्यांना असा अभ्यासक्रम सक्तीचा केला. त्यांच्या कोर्साचा कणा म्हणजे ते करार आणि त्या निवासी शाळा. आपल्याकडे त्या जागी संविधानाची पाचवी अनुसूची (आदिवासी क्षेत्रांच्या कारभाराची), १९९६ चा पेसा (त्या क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि २००६ चा वनहक्क कायदा येतात. तिथली प्रकरणं उचलून इथे लावलीत तर सगळं अधांतरी होईल.

ऑस्ट्रेलियात दोन गोष्टी वेगळ्या ठेवतात. 'वेलकम टू कंट्री' म्हणजे त्या भूमीच्या पारंपरिक मालकांनीच पाहुण्यांचं करायचं स्वागत, आणि 'अॅकनॉलेजमेंट ऑफ कंट्री', म्हणजे त्या मालकांची जाहीर दखल, कुणीही घेऊ शकतो. कार्यक्रमाच्या सुरुवातीला एक ओळ वाचून मोकळं व्हायची सवय तिथेही टीकेचा विषय आहे. इंदुरात 'आम्ही आदिवासींच्या भूमीवर उभे आहोत' असं वाचून दाखवणं पोकळ वाटेल. पण हा फरक मात्र उपयोगी आहे. कुठली गोष्ट त्या समाजाचाच माणूस करू शकतो आणि कुठली आपण करू शकतो, हे आधी ठरवा. पिठोराचं वर सांगितलंच आहे. भिलीतलं एखादं लग्नगीत आपल्या गायकाकडून बसवून घेणं हेही त्यातच.

घेण्याजोगी सर्वांत मोठी कल्पना न्यूझीलंडची आहे. माओरी परिचारिका इरिहापेटी रॅम्सडेन यांनी मांडलेली 'कल्चरल सेफ्टी'. तिचा गाभा असा की सेवा देणाऱ्याने 'मी नीट वागलो' म्हणून भागत नाही, वागणूक नीट होती का हे सेवा घेणारा ठरवतो. कॉलेजात याचा अर्थ : प्रशिक्षण यशस्वी झालं की नाही हे त्याच संध्याकाळी प्राध्यापकांनी भरलेल्या फॉर्मवरून ठरवू नका. त्या फॉर्मात सगळेच 'अतिशय उपयुक्त' लिहितात. तीन महिन्यांनी तीन आकडे बघा : नावाच्या घोळामुळे अडकलेल्या शिष्यवृत्त्या किती राहिल्या, होळीनंतर न परतलेले विद्यार्थी किती, आणि समान संधी कक्षाकडे तक्रारी किती आल्या. तक्रारी सुरुवातीला वाढल्या तर घाबरू नका, कक्षावर विश्वास बसायला लागल्याची ती खूण असते.

एक गोष्ट मात्र मुळीच उचलू नका. कॅनडात 'ब्लँकेट एक्सरसाइज' नावाचा प्रयोग आहे. जमिनीवर घोंगड्या अंथरून त्यावर लोकांना उभं करतात आणि इतिहास वाचत वाचत एकेक घोंगडी काढून घेतात. इथे कुणाला तरी सतरंजी अंथरून नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणावर तसं करायची हुक्की येते. पण वर्गात बसलेल्या एखाद्या मुलीचं गाव त्या पाण्याखाली गेलेलं असतं. अलीराजपूर आणि बडवानीच्या नर्मदाकाठच्या विद्यार्थ्यांसमोर विस्थापनाचा खेळ मांडणं निर्दयपणाचं आहे. धरणाची माहिती द्या : उंची १३८.६८ मीटर, २०१७ ला लोकार्पण, कुठली गावं बुडाली, पुनर्वसन कुठे झालं. नाट्य नको.

रामबागकर

फार मोलाची माहिती मिळाली, आभार. नृत्य आणि प्रदर्शन काढायचं मान्य करून घेईन. दोन गोष्टी अजून अडतात. आपल्या विद्यार्थ्यांना बोलायला सांगावं का, याचं उत्तर आलं नाही. आणि गावाकडून कुणाला बोलवायचं तर लेखा विभाग म्हणतो, पदवी नाही तर 'रिसोर्स पर्सन' म्हणून मानधन काढता येत नाही.

निमाडकर

मानधनाचं सांगतो, ते सोपं आहे पण आधी करायला हवं. कार्यकारिणीच्या ठरावात 'विषयतज्ज्ञ (समाजातील जाणकार)' असा वेगळा वर्ग घालून घ्या आणि प्राध्यापक-वक्त्याइतकाच दर ठरवा. प्रवासखर्च वेगळा. झाबुआहून बसने येणाऱ्याला तिकीट जपून ठेवायला आदल्या दिवशीच फोनवर सांगा, किंवा गाडीच पाठवा. बँक पासबुकाची आणि पॅनची प्रत आठवडाभर आधी मागवा. पॅन नसेल तर काय करायचं हे लेखा विभागाकडून लेखी घ्या. कार्यक्रम झाल्यावर पाहुण्याला रोखपालाच्या टेबलापुढे ताटकळत ठेवून 'कागद कमी आहे' म्हणणं, हे सगळ्या प्रशिक्षणावर पाणी फिरवणं आहे. शाल-श्रीफळ देऊन पाठवणंही नको. बडवा, गावचा पटेल, तडवी किंवा आशाताई, प्रत्येकाचा दिवसाचा रोजगार बुडतो.

बोलवायचं कुणाला? एकच 'आदिवासी तज्ज्ञ' बोलावू नका. दोघे बोलवा, त्यांतली एक बाई असू द्या, आणि शक्यतो वेगवेगळ्या समाजांतले. पाहुण्यांची भाषा हिंदी असलीच पाहिजे असं नाही. भिलीतून बोलू द्या, आपला एखादा कर्मचारी दुभाषा होईल. २०११ च्या जनगणनेत भिली-भिलोडी बोलणारे एक कोटीहून जास्त आहेत, तरी ती संविधानाच्या आठव्या अनुसूचीत (मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत) नाही (संथाली २००३ ला आली). सभागृहात माइकवरून दहा मिनिटं सलग भिली ऐकणं हेही प्राध्यापकांसाठी शिक्षणच आहे.

सातपुड्यापलीकडे

विद्यार्थ्यांना बोलायला सांगावं का, याचं उत्तर : नाही. पहिल्या वर्षाच्या मुलाला उभं करून 'तुमच्याकडे लग्नं कशी होतात रे, सांग' म्हणणं म्हणजे त्याला अख्ख्या समाजाचा वकील करणं. तो गोंधळला तर हसं होतं, आणि उत्तर दिलं तर ते सगळ्यांचं मत धरलं जातं. शिवाय दापा (वधूमूल्य), ताडी, बडवा या विषयांवर वर्गाला चर्चा हवी असते ती उत्सुकतेपोटी, आदरापोटी नाही. माजी विद्यार्थी चालतील, पण विचारून, मानधन देऊन आणि नाही म्हणायची मोकळीक ठेवून. शिकत असलेल्यांना हवं तर त्यांच्या अडचणी नाव न लिहिता चिठ्ठीवर लिहू द्या. चिठ्ठ्या प्रशिक्षणाच्या पंधरा दिवस आधी गोळा करा आणि नीट टाइप करून घ्या, नाहीतर अक्षरावरून माणूस ओळखू येतो. पहिल्या सत्रासाठी याहून चांगला मजकूर मिळणार नाही.

बाहेरचे जाणकार शोधताना भोपाळचंच बघू नका. बडवानीचे बारेला आणि नंदुरबारकडचे पावरा हे एकाच गोतातले लोक. धडगावकडचे मराठी जाणणारे पावरा शिक्षक तुमच्या मराठी कर्मचाऱ्यांशी थेट बोलू शकतील. मात्र महाराष्ट्रातून येताना वारली चित्रांची पोस्टर्स आणू नका. इथल्या मुलांचा वारलीशी काही संबंध नाही.

आणि 'जोहार' हे अभिवादन शिकवायची घाई करू नका. आदिवासी संघटनांच्या व्यासपीठावर तो चालतो, पण झाबुआच्या कितीतरी घरांत अजून 'राम राम'च असतो. समोरचा जे म्हणेल तेच आपण म्हणावं.

पागनीसपागा

सक्ती की ऐच्छिक, एवढंच राहिलं. कर्मचाऱ्यांना सक्तीचं करा, कारण ते त्यांच्या कामाचा भाग आहे आणि ऐच्छिक ठेवलं तर ज्यांना गरज नाही तेच येतात. विद्यार्थ्यांना वेगळं सत्र सक्तीचं करू नका. ते इंडक्शनच्या (नव्या विद्यार्थ्यांच्या ओळख-कार्यक्रमाच्या) तीन दिवसांत एक तास घाला, सगळ्यांसाठी, रॅगिंगच्या नियमांच्या शेजारी. कर्मचारी आणि विद्यार्थी एका सभागृहात मुळीच नको. बाबूसमोर विद्यार्थी खरं बोलत नाही आणि विद्यार्थ्यांसमोर बाबू चूक कबूल करत नाही.

निमाडकरांशी एका बाबतीत माझा मतभेद आहे. कार्यालय आणि प्राध्यापक अशा तुकड्या वेगळ्या करू नका, मिसळा. प्राध्यापक वेगळे बसले की सगळी चूक खिडकीची ठरते, आणि मौखिक परीक्षेतला 'रिझर्व्हेशनमधून आलास का' हा प्रश्न कुणी काढतच नाही.

निमाडकर

मिसळायला हरकत नाही, फक्त पहिलं शिष्यवृत्तीचं सत्र कार्यालयाचं वेगळं ठेवा, कारण ते थेट संगणकावर बसून करायचं आहे. रामबागकर, वेळेचं गणित असं बसेल : चिठ्ठ्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात, शिष्यवृत्तीचं सत्र प्रवेश सुरू असतानाच, बाकीची तीन ऑगस्टमध्ये. ९ ऑगस्टला आदिवासी दिवसाचे मोर्चे आणि कार्यक्रम असतात, बरेच विद्यार्थी गावी जातात. त्या दिवशी सत्र ठेवू नका आणि ज्यांना जायचंय त्यांची हजेरी कापू नका.